कारणाचा रकाना

शनिवारी दुपारी चार वाजता पहिलवानाला कायमचं झोपवायचं ठरलं, आणि ठरल्याबरोबर घरातल्या एका माणसाने ते वहीत लिहून घेतलं. तारीख, वार, वेळ आणि शेऱ्यात: ‘डॉक्टरांचा सल्ला. लेक शुक्रवारी येणार.’ मग त्याने पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

हा माणूस म्हणजे कुलूपराव. आईबापांनी नाव दुसरंच ठेवलं होतं, पण पंपांच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळल्यावर ते नाव पगारपत्रकापुरतं उरलं. त्यांच्या हातून साधा वायसर सुटायचा तरी कामगाराला घाम फुटे. नवा हातमोजा हवा असेल तर जुना दाखवावा लागे, आणि जुन्याची पाचही बोटं फाटलेली असावी लागत. चारच फाटली असली तर कुलूपराव शांतपणे म्हणत, “अजून एक आहे की.”

निवृत्त झाले तेव्हा कामगारांनी त्यांना पितळेचं एक मोठं कुलूप भेट दिलं. चावी दिली नाही. कुलूपरावांनी ते आनंदाने घेतलं आणि घरी येऊन त्याची नोंद केली: ‘कुलूप एक, चावीविना.’

पहिलवान म्हणजे हातभर लांबीचा दाढीवाला सरडा. राग आला की गळ्याखालची कातडी फुगवून काळीकुट्ट करायचा आणि पुढचा पाय उचलून दम द्यायचा, म्हणून पहिलवान. अकरा वर्षांपूर्वी लेकीने कॉलेजात असताना तो घरी आणला, तेव्हा बोटाएवढा होता. पुढे तिला दुसऱ्या शहरात पुलांचे आराखडे काढायची नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकाला सरपटणारं काहीही चालत नव्हतं. तेव्हा चार वर्षांपूर्वी ती पहिलवानाला बापाकडे ठेवून गेली. कुलूपरावांनी तिला रीतसर पोच लिहून दिली होती: ‘मिळाले. सरडा एक, जिवंत, वजन चारशे बारा ग्रॅम. काचेची पेटी एक. वीट एक. गरम दिवा एक. उन्हाची नळी एक, चालू. नळ्या तीन, राखीव, खोक्यासह.’ खाली सही.

“बाबा, मी घरातलीच आहे ना?” लेक हसून म्हणाली होती.

“म्हणूनच पोच हवी,” कुलूपराव म्हणाले होते. “बाहेरच्यांशी भांडण झालं तर चालतं.”

तेव्हापासून त्यांनी पहिलवानाची वही ठेवली. रकाने सात: तारीख, वजन, काय खाल्लं, शी झाली का, दिवे लावले, दिवे मालवले, शेरा. दिवे, म्हणजे गरम दिवा आणि उन्हासारखा उजेड देणारी ती नळी, सकाळी सातला लागत आणि संध्याकाळी सातला मालवले जात. चार वर्षांत एकच दिवस लागले नव्हते, आणि त्या दिवसापुढे ‘वीज नाही, चौकशी केली’ असं लिहिलेलं होतं. शेऱ्यांत मात्र माणूस सापडायचा. ‘आज रुसला.’ ‘हिच्या अंगठ्याला अळी समजून धरलं. सोडलं.’ ‘विटेवर चढून खिडकीबाहेर पाहत बसला. मीही बसलो.’

बायकोचं पहिलवानाशी जाहीर वैर होतं. ती कपडे लहानमोठे करून द्यायची, दिवसभर मशीनवर बसलेली असायची, आणि पेटी तिच्या मशीनसमोरच होती. “तो माझ्याकडे बघतो,” ती म्हणायची. “कारकुनासारखा. काही मागत नाही, नुसता बघतो. घरात एक आहे तेवढा पुरे नव्हता का?”

तर असा हा पहिलवान गेल्या पावणेदोन महिन्यांत खंगत गेला. आधी विटेवर चढणं थांबलं. मग मागचा उजवा पाय ओढायला लागला. मग खाणं सुटलं, आणि एकोणीस दिवस ‘काय खाल्लं’ या रकान्यात आडवी रेघ पडली. बुधवारी त्याला टोपलीत घालून दोघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होती. पक्षी, कासवं, सरडे असलीच गिऱ्हाइकं तिच्याकडे यायची. तिने एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला.

“हाडं बघा.”

“विरलेल्या कापडासारखी दिसतायत,” बायको म्हणाली.

“अगदी तसंच.” तिने पहिलवानाच्या जबड्यावर हलकेच बोट टेकवलं. जबडा रबरासारखा लवला. “काका, उन्हाची नळी लावता ना? नेमाने?”

कुलूपरावांनी बोलायचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईने एक पान उलटलं, मग दहा उलटली, मग मधलंच उघडलं. सात, सात. सात, सात. सात, सात.

“असं रेकॉर्ड माझ्या दवाखान्याचंही नाही,” ती म्हणाली.

त्या क्षणी, सरडा टेबलावर मरायला टेकलेला असताना, कुलूपरावांची छाती दोन बोटं फुगली. हे त्यांना स्वतःलाही पुढे फार दिवस छळणार होतं, पण फुगली हे खरं.

“म्हणजे नळीचा प्रश्न नाही,” डॉक्टरीणबाई वही मिटत म्हणाली. “मग वयच म्हणायचं. अकरा वर्षं म्हणजे या जातीत आजोबाच. आणि हे प्राणी ओरडत नाहीत, कण्हत नाहीत, दुखणं लपवतात. आपल्याला वाटतं निवांत पडलाय. तो निवांत नाहीये, काका.”

घरी येऊन लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “शनिवार ठरवा. मी येते. आणि बाबा, एक सांगू? तुम्हाला काही टाकवत नाही म्हणून त्याला ओढत ठेवू नका. तो हातमोजा नाहीये.”

हे वाक्य मात्र कुलूपरावांनी वहीत लिहिलं नाही. ते तसंच आत राहिलं. कारण मनात त्यांनाही तीच शंका होती. शनिवार नको असं वाटत होतं ते पहिलवानासाठी, की आपला हातच असा आहे, एकदा ताब्यात आलेलं न सोडणारा?

शुक्रवारी सकाळी त्यांनी टेबल पुसलं आणि एक कोरा कागद घेऊन पट्टीने रकाने आखायला बसले.

“काय चाललंय?” मशीन थांबवून बायकोने विचारलं.

“निर्लेखनाचा अर्ज.”

कारखान्यात एखादी वस्तू यादीतून कायमची उडवायची, म्हणजे भंगारात काढायची, तर हा अर्ज भरावा लागे. कुलूपरावांची सही झाल्याशिवाय एक मोडका स्टूलही फाटकाबाहेर गेला नव्हता.

“अहो, जिवंत जीव आहे तो! भंगारात काढताय?”

“भंगारात नाही काढत. सही करायची आहे उद्या तिथे. मला सही अशीच करता येते. आधी हा भरायचा, मग सही.”

तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं कळलं होतं की या माणसाला रडता येत नाही, त्याला रकाने आखता येतात. तिने पाय पुन्हा मशीनवर ठेवला, पण मशीन चालवलं नाही.

कुलूपराव लिहीत गेले. वस्तू: सरडा, दाढीवाला. केव्हा आली: चार वर्षं दोन महिन्यांपूर्वी. बिघाड काय: खात नाही, चढत नाही, हाडं विरली. पुढचा रकाना बिघाडाच्या कारणाचा. तिथे त्यांनी लिहिलं, ‘वय.’

आणि पेन तिथेच थांबलं.

आता या एका शब्दापायी कुलूपरावांनी कारखान्यात किती शिव्या खाल्ल्या होत्या ते सांगायला हवं. दर महिन्याला अर्ज यायचे: ‘कारण: जुना झाला.’ आणि दर महिन्याला ते परत जायचे. “जुना झाला हे वय झालं, कारण नाही झालं,” असं ते मोठमोठ्या इंजिनियरांना तोंडावर सांगत. “तो शेजारचा पंप याच वर्षी आला, तो चालतोय. मग हाच का बसला? जोडभाग तपासून या.” शिव्या देत देत लोक परत जाऊन तपासत, आणि दहापैकी तीनदा तरी पंप चांगला निघे, झिजलेलं दुसरंच काहीतरी असे.

अर्जाचा शेवटचा रकाना तोच होता: जोडभाग तपासले का?

कुलूपरावांनी ‘वय’ या शब्दाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणी आणला असता तर हा अर्ज त्यांनी फेकूनच दिला असता.

ते उठले. बाह्या सारल्या. पहिलवानाला उचलून बायकोच्या टेबलावर गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवलं.

“इथे? माझ्या कापडांवर?”

“पाच मिनिटं.”

“शी केली तर?”

“एकोणीस, नाही, एकवीस दिवस काही खाल्लेलं नाही. कशाची करेल?”

बायकोने त्याच्या अंगाखाली मऊशी एक चिंधी सरकवली आणि आपण ते केलंच नाही अशा चेहऱ्याने दोरा ओवायला घेतला.

कुलूपरावांनी पेटी उतरवली. एकेक भाग काढला, पुसला, पाहिला, कागदावर खूण केली. वीट: ठीक. गरम दिवा: हात धरून पाहिला, ठीक. पाण्याचं भांडं: ठीक. उन्हाची नळी: लावली, लख्ख पेटली. ठीक. खूण करायला पेन टेकवलंही होतं. पण कारखान्याचा नियम असा होता की चालू भागाचाही कागद पाहायचा, आणि या नळीचा कागद त्यांच्याकडे नव्हता. ती पेटीत बसवलेलीच आली होती. तसलेच कागद असतील तर ते राखीव नळ्यांच्या खोक्यांवर.

राखीव नळ्या कपाटावर होत्या. तीन लांबोडकी खोकी, सुतळीने बांधलेली, वर कुलूपरावांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘राखीव. जुनी गेल्याशिवाय काढू नये.’ चार वर्षांत बायकोने त्यांच्यावरची धूळ नेमाने झटकली होती. सुतळी कुणी सोडली नव्हती.

कुलूपरावांनी ती सोडली. पहिलं खोकं फिरवलं. बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून खोकं नाकाशी नेलं आणि एकदा वाचलं. मग खाली स्टुलावर बसून पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने.

“‘नळीचा उजेड दिसत राहिला तरी तिच्यातला उन्हाचा गुण वर्षभरात संपतो. दर बारा महिन्यांनी नळी बदलावी. न बदलल्यास प्राण्याची हाडं...’”

पुढचं त्यांच्याने वाचवेना. बायको उठून आली आणि तिने खोकं हातातून घेऊन ते पूर्ण केलं.

खोलीत नळी लख्ख पेटलेली होती. चार वर्षं दोन महिने ती तशीच पेटलेली होती, सात ते सात, वीज गेली तो एक दिवस सोडून, आणि त्यातली तीन वर्षं दोन महिने ती नुसता उजेड पाडत होती. वहीत ते सगळं बिनचूक लिहिलेलं होतं.

“मी मारलं त्याला,” कुलूपराव म्हणाले.

“अजून मेला नाहीये तो,” बायको म्हणाली. “टेबलावर आहे. माझ्याकडेच बघतोय.”

“तीन नळ्या डोक्यावर होत्या. हाताला लागतील इतक्या जवळ. आणि मी...” ते थांबले. “मला वाटायचं, बघा, चार वर्षं झाली, एकही काढावी लागली नाही.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा तिच्या जिभेवर तयार होता, चांगला धारदार होता, आणि तो गिळायला तिला बरेच कष्ट पडले. “आधी ती बदला,” ती एवढंच म्हणाली. “मग रडा.”

लेक दुपारी बारा वाजता बॅग घेऊन दारात आली तेव्हा बाप स्टुलावर उभा होता, हातात नवी नळी. स्टुलावरून उतरायलाही ते थांबले नाहीत. एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही: गुपचूप बदलावी, वहीत काही लिहू नये, आणि उद्या डॉक्टरीणबाईला म्हणावं की जरा थांबून पाहू. लेकीला कळण्याचं कारणच नव्हतं. पण खोटी नोंद करायला हात वळावा लागतो, आणि तो त्यांनी कधी वळवलाच नव्हता.

“चूक माझी आहे,” ते वरूनच म्हणाले. “नळी दर वर्षी बदलायची होती. मी बदलली नाही. त्याची हाडं वयाने गेलेली नाहीत. मी घालवली.”

लेकीने बॅग खाली ठेवली. खोकं वाचलं. मग त्या दोन उरलेल्या खोक्यांवरची चिठ्ठी वाचली.

“तीन कशाला दिल्या होत्या मी, बाबा?” तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “पुढच्या तीन वर्षांच्या होत्या त्या.”

“सांगितलं नव्हतंस.”

“खोक्यावर लिहिलंय म्हणून नाही सांगितलं! खिळ्यांच्या पुडीवरचं छापील वाचणारा माणूस तुम्ही. मला वाटलं, हे तर वाचालच.”

“वाचतो मी,” कुलूपराव म्हणाले. “उघडल्यावर.”

हे ऐकून लेक हसली की रडली ते तिचं तिलाही कळलं नाही. ती टेबलाशी गेली, पहिलवानाला उचलून खांद्यावर ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी तो तिथेच बसायचा. आता त्याने मान उचलली नाही, फक्त एक डोळा उघडला. मग पाठमोरीच म्हणाली, “उद्या चारला जायचंच. पण खोकं घेऊन जायचं.”

शनिवारी चार वाजता डॉक्टरीणबाईने सुई तयार ठेवली होती. कुलूपरावांनी टेबलावर आधी खोकं ठेवलं, मग जुनी नळी, मग वही, आणि शेवटी पहिलवान. आणि काल लेकीला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं. एखाद्या अपघाताचा अहवाल वाचावा तसं.

डॉक्टरीणबाईने खोकं फिरवून बुडाशी छापलेलं वाचलं. “मी वही बघितली,” ती म्हणाली. “नळी किती जुनी ते विचारलंच नाही. इतकी चोख वही बघून सुचलंच नाही. त्यामुळे चूक एकट्याची नका म्हणू, काका.” मग तिने पहिलवानाला पुन्हा सगळा तपासला. “मी काही कबूल करणार नाही. वयही आहेच. पाय वाकडा राहील. पण सहा आठवडे बघता येईल. नवी नळी, खिडकी उघडून खरं ऊन, काचेआडून नव्हे. औषध, आणि तोंडात पिचकारीने पातळ खाणं. दुखणं कमी करायचे थेंब देते. मात्र अट आहे. आपल्या आशेचा भार त्याने वाहायचा नाही.”

“मोजमाप सांगा,” कुलूपराव म्हणाले. “आशा मला मोजता येत नाही. काय झालं की थांबायचं ते सांगा.”

तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. नळी बदलल्यापासून दिवस मोजायचे. नवव्या दिवसापर्यंत नजरेत जाग नाही आली तर थांबायचं. सहा आठवड्यांत आपलं आपण खायला लागला नाही तर थांबायचं. मग कुलूपरावांनी घडी घातलेला निर्लेखनाचा अर्ज खिशातून काढला. ‘वय’ हा शब्द खोडून कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘नळी न बदलणे. जबाबदार: भांडारप्रमुख.’ खाली सही केली. तारखेची जागा कोरी ठेवली आणि कागद बायकोच्या हातात दिला.

“हे काय?”

“तारीख तू टाकायचीस.”

“मी? मला तो आवडतसुद्धा नाही!”

“म्हणूनच,” कुलूपराव म्हणाले. “माझ्या हातून ती पडायची नाही, पोरीच्या हातून लवकर पडेल. तुझा काटा सरळ आहे.”

लेकीने पहिल्यांदाच बापाकडे नीट पाहिलं.

पहिले आठ दिवस वाईट गेले. लेक रजा वाढवून राहिली होती. तिघं पाळीपाळीने पिचकारी भरत, जबडा न दुखवता थेंब थेंब सोडत, अर्धं बाहेर येई. वजन दोनशे शहाऐंशी. दोनशे एक्क्याऐंशी. दोनशे एक्क्याऐंशी. कुलूपरावांनी लिहिलं, ‘कालच्या इतकंच,’ आणि त्या शब्दांकडे ते दिवसभर पुन्हा पुन्हा येऊन पाहत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी बायकोने मशीनच्या खणातून तो कागद काढला, पेन मागून घेतलं आणि खुर्ची पेटीसमोर ओढली.

“तुम्ही दोघं आत जा.”

“अगं, पण...”

“आत.”

बापलेक आतल्या खोलीत गेले आणि दाराच्या फटीतून बघत उभे राहिले. फटीवरून दोघांत थोडी ढकलाढकलही झाली. बायको पेटीसमोर बसली होती. तिने पेनाचं टोपण काढलं. कागद मांडीवर सरळ केला. पहिलवान नळीखाली सपाट पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. बाई नुसती बसली. मग सवयीने तिचा हात खिशात गेला, रिळाचं टोक ओढलं गेलं, आणि लाल दोऱ्याचा एक तुकडा काचेच्या आत, त्याच्या तोंडासमोर लोंबकळला.

डोळा उघडला. पूर्ण. बाईने दोरा डावीकडे नेला. डोळा डावीकडे गेला. उजवीकडे नेला. डोळा उजवीकडे आला, आणि मग डोकं, इंचभर, कारकुनाने चष्म्यावरून बघावं तसं वर उचललं गेलं.

“आलास का पुन्हा माझ्याकडे बघायला?” बाई म्हणाली. तिने पेनाला टोपण लावलं. “आज नाही!” ती दाराकडे न बघताच ओरडली. “आणि फटीतून बघू नका, दार मोडेल!”

शेऱ्याच्या रकान्यात कुलूपरावांनी लिहिलं: ‘लाल दोरा. पाहिला.’ ही त्या वहीतली तीनच शब्दांची, पण सगळ्यात जास्त वेळ घेतलेली नोंद.

तिथून पुढे चढणच चढण. चौदाव्या दिवशी त्याने पिचकारीला चावा घेतला. जबड्यात दम नव्हता, पण हेतू स्पष्ट होता. तेविसाव्या दिवशी लेकीच्या बोटावरची अळी त्याने जीभ काढून स्वतः उचलली. त्याआधीच लेकीला कामावर परतावं लागणार होतं, तिने आणखी चार दिवस मागून घेतले होते, आणि ते तिला मिळाले याचं कारण साहेबांना तिने ‘घरातले वडीलधारे आजारी आहेत’ असं सांगितलं होतं. बायकोने उरल्यासुरल्या कापडातून पट्टा शिवला, वाकड्या पायाला टोचणार नाही असा, आत अस्तर लावून. वैर जाहीर होतं तसंच राहिलं. “पडला खाली तर निस्तरायचं मलाच,” एवढंच तिने अस्तराचं कारण दिलं. तो पट्टा घालून पहिलवान रोज सकाळी गच्चीवर उन्हात जाऊ लागला, दोरीचं टोक कुलूपरावांच्या मनगटाला. खालून शेजारी ओरडायचे, “कोण कुणाला फिरवतंय?” कुलूपराव गंभीरपणे खाली वाकून उत्तर द्यायचे, “नोंद माझ्या नावावर आहे.”

एक्केचाळिसाव्या दिवशी, सहा आठवडे संपायला एक दिवस बाकी असताना, बायकोचं मशीन एकदम थांबलं.

“अहो! अहो, इकडे या! आधी या, मग चष्मा शोधा!”

पहिलवान विटेपाशी होता. पुढचे दोन्ही पाय विटेवर. मागचा डावा जोर लावत होता. उजवा, वाकडा, हवेत चाचपडत होता. कुलूपरावांचा हात काचेकडे गेला, जरासा आधार द्यायला. बायकोने तो मनगटाला धरून मागे ओढला.

“हात नाही लावायचा.”

तो घसरला. पोटावर पडला. तसाच पडून राहिला. मग पुन्हा पुढचे दोन पाय. पुन्हा डावा. वाकडा पाय या वेळी विटेच्या कडेला अडकला, तो वाकडा होता म्हणूनच अडकला, सरळ पाय तिथून निसटला असता. पहिलवानाने त्याच आकड्यावर अंग उचललं आणि तो वर आला. वर आल्यावर त्याने दोघांकडे पाहिलं, गळा फुगवला, दाढी काळीकुट्ट केली आणि पुढचा पाय उचलून दम दिला.

“अरे वा रे वा!” बायको ओरडली. “कुणावर गुरगुरतोस? माझ्यावर? तारीख माझ्या हातात आहे, विसरलास का?” आणि तिने टाळ्या वाजवल्या, एकटीनेच, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

कुलूपराव फोनवर लेकीला सांगत होते. सांगत होते म्हणजे ‘वीट’ एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघत होता. पलीकडून ती म्हणाली, “कळलं बाबा, कळलं. रडा तुम्ही. मी ऐकतेय.”

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाईने जबड्यावर बोट टेकवलं. जबडा लवला नाही. उलट उघडला, आणि बोट वाचवताना तिची तारांबळ झाली. तिने हसत वही मागून घेतली आणि शेऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘चावला. अभिनंदन.’ कुलूपरावांनी आपल्या वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षर येऊ दिल्याची ही पहिली वेळ.

नळी बदलल्याला आता वर्ष उलटलं. पहिलवान आता बारा वर्षांचा आहे, वजन तीनशे नव्वद, चाल थोडी लंगडी आणि स्वभाव पूर्वीपेक्षा वाईट. मशीनच्या खणात सही केलेला तो कागद अजून आहे, तारखेची जागा कोरी. तो तिथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कधीतरी तारीख पडेल हेही. पण आता ती टाकताना हात कचरणार नाही, असं बायको म्हणते, कारण आता कारण ठाऊक असल्याशिवाय ती पडणार नाही.

नळीला बरोबर बारा महिने झाले त्या सकाळी कुलूपराव स्टुलावर चढले. नळी लख्ख पेटलेली होती. उभ्या आयुष्यात चालू वस्तू त्यांनी कधी काढून टाकली नव्हती. हात वर गेला, थांबला. खाली विटेवरून पहिलवान बघत होता, मशीनवरून बायको बघत होती.

“अजून एक बोट शिल्लक आहे वाटतं?” बायको म्हणाली.

कुलूपरावांनी नळी काढली. नवी बसवली. खाली उतरून कोरा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि भरायला बसले. वस्तू: उन्हाची नळी, एक. बिघाड काय: दिसत नाही. बिघाडाचं कारण: वय.

मग शेवटचा रकाना. जोडभाग तपासले का? त्यांनी मान वर करून विटेकडे पाहिलं. पहिलवानाने गळा फुगवला.

‘सरडा एक,’ त्यांनी लिहिलं. ‘तपासला. चालू.’ आणि त्याच कागदाच्या पाठीवर लेकीकडे मागणी: ‘नळ्या पाठवणे. नग पाच.’